बत्ताशाचं ऊन

नातू पुण्याला गेला, कासव इथंच राहिलं.
लाल कानाचं. हैदराबादेहून आणलं तेव्हा
बंद्या रुपयाएवढं, म्हणून नाव बत्तासा.
आता ओंजळभर झालंय, आणि पाठ
ओल्या पापडासारखी दबते अंगठ्याखाली.

पशुवैद्यक कॉलेजात डॉक्टर तय्यबा मॅडमनी
त्याला उलटा केला, सुलटा केला,
मग मलाच विचारलं, "ऊन मिळतं का याला?"
मी हसलो. म्हटलं, मॅडम, परभणी आहे ही.
मे महिन्यात इथं डांबर चपलेला चिकटून घरी येतं,
कमी पडंल तर काय उनाची पडंल?
"खिडकीच्या काचेतून ना?
काच उजेड आत सोडते, ऊब सोडते.
हाडं बांधणारं जे असतं उनात
ते बाहेरच ठेवून घेते, चपला ठेवतात तसं."

पस्तीस वर्षं लाईनमन होतो मी.
उजेडानं असं कधी फसवलं नव्हतं.

अंगणात ठेवून बघितला.
सकाळी आठला ठीक. दहाला टोपल्यातलं पाणी
चहाला टेकलं,
आणि कडुलिंबावर एक कावळा
लईच शांत बसलेला.

म्हणून मग बल्ब.
स्टेशन रोडला एकानं जांभळा दाखवला,
वरातीच्या डीजेवर असतो तो.
"यूव्हीच आहे काका, बनियन कसं चमकतंय बघा."
दुसऱ्यानं पाण्याच्या फिल्टरमधली नळी काढून दिली.
म्हटलं, ठेव बाबा ती तिथंच.
ती जंतू मारती. कासवाचे डोळे सोडणार नाही,
माझे बी नाही.
तिसऱ्याकडं शंभराचा पिवळा. तो नुसता तापवतो.
चुलीपुढं बसून कुणाची हाडं जुळलीत?

शेवटी कुरिअरनं आला. खोक्यावर जर्मनी.
सही घेताना पोरगा म्हणाला,
"जगात जर्मनी, काका…"
पुढचं मी म्हणालो नाही.
बाराशे साठ रुपये मोजत होतो.

दोन विटांवर शहाबादीचा तुकडा, पाण्याच्या वर.
तुकड्यापासून बल्ब सव्वा वीत.
मध्ये काच नाही, प्लास्टिक नाही;
जाळी काढून टाकली, वाटेतच हिस्सा खाते ती.
एका कडेला माठाचं खापर पालथं घातलं.
नको झालं ऊन, तर कुठं जायचं त्यानं?

टेस्टर लावला. सवय.
टेस्टर म्हणाला, फेज आहे.
एवढंच कळतं त्याला.
मॅडमनी सांगितलेलं, वर्षभरात यातलं ऊन सरतं,
उजेड मात्र चालूच राहतो.
बघून काही समजत नाही.
मग होल्डरवर मार्करनं तारीख लिहिली,
ट्रान्सफॉर्मरचं तेल बदलल्यावर लिहायचो, तशी.

नातू फोनवर: "डोळे मिटून घेतो का तो?
घेत असला तर बल्ब वर घ्या."
नाही घेत. मागचे पाय लांब सोडून,
बोटं फाकवून पडतो,
रात्रपाळी संपवून आल्यासारखा.

दिवाळीपर्यंत पाठ नखासारखी टणक झाली.
डावी कड उलीशी वाकडी राहिली.
ती तशीच राहणार, म्हणाल्या मॅडम.

आज तीनला लाईट गेली.
आवाजावरनंच ओळखलं,
कोपऱ्यावरच्या डीपीचा डीओ उडाला.
हात पकडीसाठी खिशाकडं गेला, नुसताच.
बत्तासा फरशीवर, मान सगळी बाहेर काढून
विझल्या बल्बाकडं बघत होता. मग माझ्याकडं.

हे तोंड ओळखीचं होतं मला.
दारादारात, खांबाखाली, भर पावसात
पस्तीस वर्षं हेच बघितलं:
लाईनमन, कधी येणार?

येईल, म्हटलं.
अर्ध्या तासात.